रिकाम्या हौद्यातले चार चिरे

आमच्या पिकअपला बर्फ माहीत आहे तो फोडून मासळीवर टाकायचा. म्हणून जानेवारीत कॅनडातून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला, "मामा, बघ, हौद्यात वाळूच्या गोणी टाकतोय," तेव्हा मला वाटलं, घराचं काम काढलंन की काय. मागे गुडघाभर बर्फ आणि त्यात उभं ते धूड. आमच्या अंगणात ती गाडी वळणारसुद्धा नाही. तिकडे हेवी ड्युटी म्हणतात तसली डिझेल पिकअप. वाळू कुठे पोचवायची नव्हती, त्याला नुसतं कामावर जायचं होतं. गोणी फक्त वजनाला.

मला हसू आलं नाही, कारण आमच्या तात्यांच्या गाडीत मिरगापासून दसऱ्यापर्यंत जांभ्या दगडाचे चार चिरे कायम असायचे. तात्या म्हणजे माझे काका. रत्नागिरी-कोल्हापूर लाइनीला त्यांची हयात गेली. माल भरला तरी चिरे उतरवायचे नाहीत, रिकामं परतायचं असलं तरी तसेच ठेवायचे. लहानपणी मला ती त्यांची काहीतरी अंधश्रद्धा वाटायची, लिंबू-मिरचीसारखी.

मग एका जुलैत मी काजूगराची पोती घेऊन कोल्हापूरला गेलो. चार पोती जास्त बसावीत म्हणून चिरे घरीच ठेवले. येताना हौदा रिकामा. आंबा घाट उतरायला लागलो तेव्हा संध्याकाळ झालेली, धुकं, आणि पाऊस म्हणावा असा नाहीच, नुसती भुरभुर. वेग पस्तीसच्या आसपास असेल. एका उजव्या वळणात, अर्ध्यावर, समोर एसटीचे दिवे दिसले आणि मी ब्रेकवर पाय ठेवला. दाबला असंही नाही, ठेवला. गाडीचं तोंड वळणात राहिलं आणि शेपूट डावीकडे दरीच्या बाजूला निघालं. मागचा मडगार्ड कठड्याला घासला, तेव्हा कुठे गाडी थांबली. एसटीवाला काच खाली करून जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मडगार्डकडे बघितलंच नाही. हौद्यात बघितलं आणि विचारलं, "चिरे कुठं ठेवलेस?"

तर कॅनडातली वाळू आणि आमच्या गावातले, साखरप्यातले, चिरे एकच काम कसं करतात, ते समजून घेऊ.

टायर रस्त्याला धरून राहतो तो दोन गोष्टींवर: त्या टायरवर वजन किती पडलंय आणि खालचा रस्ता कसा आहे. पिकअप ही गाडी मुळात भरलेली चालावी म्हणून बनवलेली असते. इंजिन पुढे, केबिन पुढे, ड्रायव्हर आणि क्लीनर पुढे. मागे पत्र्याचा हौदा, स्प्रिंगचे चार पाटे आणि चाकांना ताकद वाटून देणारं डिफ्रन्शियल. भाच्याच्या गाडीचं तर डिझेल इंजिनच चारशे किलोच्या घरातलं. म्हणजे रिकाम्या गाडीचं अर्ध्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर, आणि गाडी ढकलायचं काम मात्र मागच्या चाकांचं. हलक्या चाकाला ताकद दिली की ते जागेवर गरगरतं. बर्फात हे रोजचंच, आपल्याकडे शेतातल्या चिखलात दिसतं.

ब्रेक मारला की आणखी एक गोष्ट होते. सगळं वजन पुढे झुकतं. एसटीत ब्रेक लागल्यावर आपण पुढच्या सीटवर आपटतो ना, तसंच गाडीचं वजनही पुढच्या चाकांवर येतं. मागची चाकं आधीच हलकी, ती आणखी हलकी होतात. वर घाटाचा उतार असेल तर आणखी. त्या क्षणी मागचं चाक लॉक झालं, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरायला लागलं, तर शेपटाला धरून ठेवणारं काही उरत नाही.

कोकणात यात एक गंमत आहे. आपला माल, म्हणजे आंबा, काजू, मासळी, भरून वर जातो. गाडी रिकामी होते ती वर, आणि घाट उतरते ती रिकामी. आंबा, कुंभार्ली, फोंडा, आंबोली, सगळ्या घाटांत तेच. चढायला वजन, उतरायला वारा. लोकांना भरलेल्या गाडीची भीती वाटते. पावसात मला रिकाम्या गाडीची जास्त वाटते.

आता मुख्य मुद्दा. टायरची पकड ही एका भाकरीसारखी आहे. ब्रेक, वळण आणि एक्सलरेटर, तिघेही त्याच एका भाकरीतलं खातात. कोरड्या डांबरावर भाकरी मोठी, तिघांना पुरते. ओल्या रस्त्यावर साधारण अर्धी होते. दाबल्या गेलेल्या बर्फावर किंवा डांबरावर पसरलेल्या तांबड्या चिखलावर पावच राहते. मी वळणात होतो, म्हणजे बरीचशी भाकरी वळणाने खाल्लेली होती. उरलेल्या चतकोरात मी ब्रेक मागितला. ब्रेकला द्यायला नव्हतं, आणि वळणाचंही गेलं. म्हणून जाणता ड्रायव्हर ब्रेकचं काम वळणाआधी सरळ रस्त्यावर उरकतो, वळणात फक्त वळतो, आणि तोंड सरळ झाल्यावर एक्सलरेटर देतो. एका वेळी एकालाच वाढायचं.

आकड्यात बघायचं तर सपाट कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरला ब्रेक लागल्यावर गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते. ओल्या डांबरावर १६ मीटर. चिखलाचा थर किंवा दाबलेला बर्फ असेल तर ३०-३२. आता त्याच चिखलाच्या रस्त्याला शंभर मीटरला सहा मीटर असा घाटातला उतार द्या: ४५ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एखादा सेकंद यात धरलेलाच नाही, त्या सेकंदात आणखी ११ मीटर जातात. आणि ओल्या बर्फाच्या काचेवर, शंभराला दहाचा उतार असेल तर गाडी थांबतच नाही. पकडीपेक्षा उतार जास्त झाला की ब्रेक कितीही चांगला असो, ती घसरतच खाली जाणार.

इथे भाच्याने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. त्याला मी म्हटलं, उणे वीसला तर हाल असतील. तो म्हणाला, नाही, उणे वीसचा बर्फ बरा असतो, खरखरीत. खरी भीती शून्याच्या आसपास, बर्फ वरून किंचित वितळतो आणि त्यावर पाण्याचा पातळ थर येतो तेव्हा. मी म्हटलं, अरे, हा तर आमचा मिरगाचा पहिला पाऊस! आठ महिने रस्त्यावर ऑइल, धूळ, टायरचं रबर साचलेलं असतं. आगोटीला पहिली सर येते, हे सगळं भिजतं आणि साबणासारखं होतं. दोन दिवस धो धो पडला की ते धुऊन जातं. पाऊस वाढला म्हणजे निसरडं वाढलं असं नाही. भुरभुर जास्त वाईट. जोराच्या पावसात माणूस आपोआप हळू जातो, भुरभुरीत वायपरही नीट लावत नाही.

आपल्याकडे आणखी दोन जागा सांभाळायच्या. जिथे हायवेचं काम चालू आहे किंवा डंपर मातीतून डांबरावर चढतात, तिथली तांबडी माती. जांभ्याची ही माती भिजली की लोण्यासारखी पसरते. आणि घाटात झाडाखालचं, ऊन न लागणारं वळण. श्रावणापर्यंत तिथे कडेला हिरवं शेवाळ धरतं, ओव्हरटेक करताना चाक नेमकं त्यावर जातं. तिसरीही एक जागा आहे, पण ती आपणच तयार करतो: मासळीच्या गाडीतून गळणारं पाणी. त्यावर आपली पिकअप घसरणार नाही कदाचित, मागून येणारा बाइकवाला घसरतो. हौद्याखाली पिंप लावायला फार खर्च येत नाही.

पाणी साचलेल्या सरळ रस्त्यावर मात्र वेगळाच प्रकार होतो. टायरची नक्षी ही पाणी बाजूला फेकायची गटारं आहेत. वेग इतका झाला की गटारांना पाणी फेकायला वेळच मिळत नाही, तेव्हा टायर पाण्यावर चढतो आणि तरंगतो. स्टेअरिंग एकदम हलकं लागलं की समजा, टायर रस्त्यावर नाही. ब्रेक मारायचा नाही, स्टेअरिंग फिरवायचं नाही. एक्सलरेटर सोडून सरळ धरून राहायचं. टायर गोटा झाला असेल, हवा कमी असेल किंवा गाडी रिकामी असेल तर हे कमी वेगात होतं. नक्षीच्या खाचेत जी छोटी आडवी पट्टी असते ती १.६ मिलिमीटरची खूण. ती टायरच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानेच संपला. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात तिची वाट बघू नये. मेमध्येच, आंब्याचे पैसे हातात असताना, मागची जोडी बदलावी. लोक उलट करतात. नवे टायर पुढे टाकतात आणि जुने मागे ढकलतात. पुढचा टायर घसरला तर गाडी सरळ जाते आणि निदान कळतं तरी. मागचा घसरला तर गाडी फिरते.

सहा टायरी गाडी जास्त घट्ट धरते, हाही गैरसमज. मागे चार टायर म्हणजे तेच वजन चौघांत वाटलं. भरलेली असेल तर उत्तम. रिकामी असेल तर प्रत्येक टायर आणखी हलका. भाच्याकडे, म्हणजे कॅनडात, मागे जोडटायरवाल्या पिकअप असतात. तिकडचे जाणते सांगतात, बर्फात रिकामी असताना ती सगळ्यात आधी अडकते.

फोर बाय फोरबद्दलही तेच. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी सुटायला, चढायला फार मदत होते. पण थांबायला काडीची नाही. ब्रेक तर साध्या मारुतीलाही चारही चाकांना असतात. तिकडे बर्फ पडला की पहिल्या दिवशी रस्त्याच्या कडेच्या चरात जास्त करून फोर बाय फोरच दिसतात, असं भाचा म्हणतो. सुटताना घसरलं नाही म्हणून ड्रायव्हरला वाटतं रस्ता चांगला आहे.

आता त्या मडगार्डकडे परत येतो, कारण चिरे नव्हते एवढंच कारण नव्हतं. तात्यांनी गाडी खड्ड्यावर घ्यायला लावली आणि मला खाली बोलावलं. मागच्या एक्सलजवळ, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याजवळ, चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) एक छोटा व्हॉल्व असतो. त्याची दांडी खाली एक्सलला जोडलेली असते. हौद्यात माल भरला की चेसिस खाली बसते, दांडी फिरते आणि व्हॉल्वला समजतं, वजन आलंय, मागच्या ब्रेकला ब्रेक ऑइलचा जास्त दाब जाऊ दे. गाडी रिकामी झाली की चेसिस वर येते, व्हॉल्व मागचा ब्रेक आवरतो, म्हणजे हलकी चाकं लॉक होत नाहीत. साधी, कॉम्प्युटर नसलेली अक्कल. माझ्या गाडीत ती दांडी बाइंडिंग वायरने वर बांधून ठेवलेली होती! कोणत्या तरी गॅरेजात कधीतरी "मागचा ब्रेक कमी लागतो" म्हणून तक्रार केली होती, त्यावरचा तो इलाज. म्हणजे गाडी रिकामी असो की भरलेली, मागे फुल ब्रेक. आंबा घाटात मागची चाकं पटकन का लॉक झाली, ते त्या वायरने सांगितलं.

उलटा घोटाळाही होतो, आणि तो आपल्याकडे जास्त. जास्त माल बसावा म्हणून पाटे वाढवतात. पाटे कडक झाले की भरलेली गाडीही खाली बसत नाही. व्हॉल्वला वाटतं रिकामीच आहे. दीड टन माल असताना मागचा ब्रेक अर्धवट लागतो, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, घाट उतरेपर्यंत तो तापून लागेनासा होतो. पाटे वाढवलेच असतील तर व्हॉल्वचं सेटिंग जाणत्या माणसाकडून करून घ्या. ऑइल बदलण्याइतकंच ते गरजेचं आहे, आणि गॅरेजात शंभरातला एकही जण ते मागत नाही.

उतरण्याबद्दल जुना नियम आहे: ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा. बरोबर आहे, ब्रेक तापत नाहीत. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांशी मी बोलत नाही. पण निसरड्यावर या नियमाला एक पोटनियम आहे. गियर उतार सुरू व्हायच्या आधी टाका. मध्येच थर्डवरून सेकंड टाकून क्लच फटकन सोडला तर इंजिन मागची चाकं एकदम आवरतं. हलक्या चाकांना तो झटका हँडब्रेक ओढल्यासारखाच. बर्फात मोठ्या डिझेल पिकअपचा एग्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिन आवरणारा ब्रेक, बंद ठेवतात तो याच कारणाने.

आणि शेपूट निघालंच तर? ब्रेकवरचा पाय काढायचा, क्लच दाबायचा, शेपूट ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला स्टेअरिंग न्यायचं, आणि गाडी सावरायला लागली की लगेच सरळ करायचं, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला फेकते. डोळे जायचंय त्या रस्त्यावर. दरीकडे बघितलं की हात दरीकडे वळतात. लिहायला सोपं आहे. मला त्या दिवशी यातलं काही सुचलं नव्हतं, कठड्याने वाचवलं.

आपल्यातलं कोणी पिकअप घेऊन मनालीच्या पुढे जाणार असेल तर एवढंच: साखळ्या मागच्या चाकांना बांधायच्या, कारण ताकद तिथे येते. कारवाले पुढे बांधतात ते बघून फसू नका. ७ अंशांच्या खाली आपल्या टायरचं रबर कडक पडतं, थंडीचे टायर वेगळे मऊ रबराचे असतात. आणि डिझेल तिथलं भरा. रत्नागिरीचं डिझेल कडाक्याच्या थंडीत टाकीतच तुपासारखं धरायला लागतं. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल २०१९ पासून मिळतं ते उगाच नाही.

रस्त्यातल्या मोरीवरून, म्हणजे छोट्या पुलावरून, पाणी जात असेल तर वरचं सगळं विसरा. तिथे पकडीचा प्रश्नच नाही, वाहत्या दोन फूट पाण्यात पिकअपसुद्धा उचलली जाते, रिकामी तर आधी. शिवाय पाण्याखाली मोरी शिल्लक आहे का हे वरून दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि अंधारात दोन एसटी त्या पाण्यात गेल्या. त्यानंतर आमच्या घरात पाण्यातून गाडी घालायची की नाही यावर चर्चा होत नाही. थांबायचं, चहा प्यायचा.

राहता राहिले चिरे. वजन ठेवायचं ते मागच्या एक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे. हौद्याच्या मागच्या फाळक्याला टेकवून ठेवलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. बांधलेलं हवं. सुटा चिरा ब्रेक लागला की केबिनची मागची काच फोडून आत येतो, तात्या दोरखंडाचे दोन वेढे आणि वर पाचर मारत. आणि वजन वाढलं की थांबायलाही जास्त जोर लागतो, त्यामुळे हौदा भरायचा नाही. दीडशे-दोनशे किलो पुरे, म्हणजे सिमेंटच्या तीन-चार गोणींएवढं. बर्फवाल्यांचा आवडता माल वाळू, कारण चाक अडकलं की तीच वाळू चाकाखाली टाकता येते. ते मला चिऱ्यांपेक्षा शहाणपणाचं वाटलं, म्हणून यंदा दोन चिरे काढले आणि दोन गोणी बारीक खडी ठेवली.

हे कौतुकाने सांगायला भाच्याला फोन लावला तर तो वैतागलेला. गोणींत ओली वाळू भरली होती, ती गोठून दगड झाली. गाडी अडकली तेव्हा चाकाखाली टाकायला मूठभर सुटली नाही.

"मग काय केलंस?"

"शेजाऱ्याने ओढून काढली. आता कोरडी भरायला सांगतोय. तुझे चिरे बरे, मामा. ते आधीपासूनच दगड आहेत."